आधी चित्र, मग अक्षर

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. पण घरी ती भाषा कानावर पडत नसेल, तर मूल पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणतं, अर्थ मात्र हाती लागत नाही. अशा वेळी चित्रमासिक मोठं काम करतं.

अनंत पै यांनी १९८० मध्ये मुंबईत सुरू केलेलं ‘टिंकल’ घ्या. त्यातला शिकारी शंभू वसंत हळबे यांनी रेखाटला: डोळे झाकणारी टोपी, हातात बंदूक आणि मनात धडधड. संवादांचे फुगे कागदाच्या कपट्यांनी झाकायचे आणि मुलांना विचारायचं, ‘काय चाललंय इथे?’ मुलं मराठीत भराभर सांगू लागतात. मग एकेक कपटा उचलायचा. घाबरून पळणारा माणूस समोर दिसत असला, की शेजारचा ‘हेल्प!’ समजायला शब्दकोश लागत नाही. अंदाज खरा ठरला की चेहरा कसा खुलतो!

फुग्यातली वाक्यंही छोटी, बोलण्यातली असतात.

एका तासाला एकच पान पुरे. शब्दाशब्दाचं भाषांतर करत बसलं तर गोष्टीतली गंमतच जाते. दुसऱ्या दिवशी तेच पान दोघांनी मोठ्याने वाचावं. एकाने शंभू व्हावं, दुसऱ्याने गावकरी. त्यासाठी रद्दीतले, कोपरे दुमडलेले जुने अंकही चालतात.