उंच उडी आणि गादीचे मोल

शालेय स्पर्धांचे दिवस आले की पेण, रोह्यातल्या मुलांचाही उंच उडीचा सराव सुरू होतो. टीव्हीवर दिसणारी, दांडीकडे पाठ करून मारलेली उडी मुलांना खुणावते. ही उडी वाळूत मारायची नसते, हे मात्र त्यांना आधीच सांगायला हवे.

नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या सर्वेश कुशारेने सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत 2.28 मीटर उंची पार करून सहावे स्थान मिळवले. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. शेतकरी कुटुंबातल्या सर्वेशने गावात सराव सुरू केला तेव्हा तयार गादी नव्हती. मक्याच्या भुशाची गादी करावी लागली. पण गादीशिवाय भागले नाही.

पाठीवरच्या उडीला अमेरिकेच्या डिक फॉसबरीचे नाव मिळाले. 1968चे मेक्सिको ऑलिंपिक त्याने याच पद्धतीने जिंकले. पश्चिम जर्मनीच्या उलरिके मायफार्थने 1972 मध्ये, अवघ्या 16व्या वर्षी, अशीच उडी मारून सुवर्णपदक पटकावले. 1984 मध्ये ते पुन्हा मिळवले. या उडीत शरीराची कमान होते. डोके, कंबर, पाय एकामागून एक दांडी ओलांडतात. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या किंचित खाली राहिला तरी उडी यशस्वी होऊ शकते.

धोका आहे तो उतरताना, कारण भार पाठीवर, खांद्यांवर आणि मानेजवळ येतो. सव्वा मीटर उंचीवरून जमिनीवर पडणाऱ्या मुलाचा वेग ताशी सुमारे 18 किलोमीटर असतो. जाड गादी तो वेग अर्धा मीटर दबत जिरवते. वाळू काही सेंटिमीटरमध्येच थांबवते. थांबण्याचे अंतर दहापट कमी झाले, की सरासरी धक्का साधारण दहापट वाढतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धांतील गादी किमान 70 सेंटिमीटर जाड असते.

शाळेत फक्त वाळू असेल तर कात्री पद्धतीची, पायांवर उतरणारी उडीच शिकवावी. मूल मानेवर पडले आणि मान दुखू लागली किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर त्याला उठवू नये. मान न हलवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गादी येईपर्यंत पाठीवरची उडी थांबवलेली बरी.