जागतिक कादंबरीची एक ओळख : ‘एका कोळियाने’

जगांतील अभिजात कादंबऱ्यांचें नांव निघालें कीं परक्या देशाची, परक्या चालीरीतींची धास्ती वाटते. परंतु अशीही एक कादंबरी आहे कीं ती समजण्यास गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर उभें राहून समुद्र पाहिलेला असला म्हणजे पुरे.

अर्नेस्ट हेमिंग्वे ह्यांची ही लहानशी कृति १९५२ सालीं प्रसिद्ध झाली. क्यूबांतील वृद्ध कोळी सान्तियागो ह्यास ८४ दिवस मासळी मिळालेली नाहीं. ८५ व्या दिवशीं तो एकटाच दूर समुद्रांत जातो. होडीहूनही लांब मासा गळास लागतो, तो त्यास मारतोही. पण परततांना शार्क माशांच्या झुंडी त्याचा फडशा पाडतात. किनाऱ्यास येतो केवळ सांगाडा. मग म्हातारा हरला कीं जिंकला? ह्या एका प्रश्नासाठीं पुस्तक वाचावें.

पु. ल. देशपांडे ह्यांनीं आपल्या अनुवादास ‘एका कोळियाने’ असें नांव दिलें. मराठींत कोळी म्हणजे मच्छीमार, तसाच जाळें विणणारा तो चिमुकला जीवही. पडून पुन्हा चढणारा हा कोळी आपण बालपणींच्या कवितेंत पाहिलेला आहे. तो आठवतांच परका सान्तियागो आपल्या ओळखीचा होतो. परक्या साहित्यांत शिरावयाचें, तें अशाच ओळखीच्या दारानें.