हजेरी कोणीं घ्यावी?

शाळेंत वर्षानुवर्षें हजेरीपट भरतांना एक गोष्ट माझ्या ध्यानीं आली. जो मुलगा नांव पुकारतांच 'हजर' म्हणून मधल्या सुटींत पसार होई, त्यास शासन करणें सर्वांत कठीण; कारण पटावर तो निर्दोष असे. कित्येक लोकनियुक्त सभासदांची गोष्ट याहून निराळी नाहीं.

लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्यांत लोकांस राजकारणाचें शिक्षण मिळावें हा हेतु स्पष्ट नमूद होता. सभेंतील चर्चा हाच त्या शिक्षणाचा वर्ग होय. महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्याप्रमाणें जो सभासद परवानगीवांचून लागोपाठ सहा महिने सभांस गैरहजर राहील, त्याचें पद जातें. इंग्लंडांतील १९७२ च्या कायद्यांतहि मुदत सहाच महिन्यांची आहे. परंतु पांच महिने घरीं बसून सहाव्यांत एकदां सही ठोकली कीं कायद्याचें समाधान होतें!

म्हणून उरलेली हजेरी मतदारांनींच घेतली पाहिजे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें सभेचें उपस्थितिपत्रक व इतिवृत्त कोणाहि नागरिकास मागतां येतें. ग्रामसभेंत उभें राहून प्रश्नहि विचारतां येतो. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वीं आपण तें वाचतों ना? मग पुन्हां मत देण्यापूर्वीं सभासदाचा हजेरीपट एकदां तरी पाहावा. तो न मागणारा मतदारहि एका अर्थीं गैरहजरच होय.