चालणे कुठे संपते आणि धावणे कुठे सुरू होते?

कसारा लोकल खर्डी स्थानकात शिरायच्या बेतात असली की स्थानकाकडे येणाऱ्या वाटेवर एक दृश्य हमखास दिसते. आई झपझप चालत असते आणि तिचे बोट धरलेले पाच-सहा वर्षांचे मूल शेजारून पळत असते. बोट सुटलेले नाही, म्हणजे दोघांचा वेग एकच आहे. मग एक चालते आणि दुसरे पळते, असे का?

खर्डीच्या एका शाळेत आम्ही हा प्रश्न विचारला. ‘पोराचे पाय आखूड म्हणून,’ असे उत्तर लगेच आले. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. आखूड पायांचे मूल भराभर लहान पावले टाकून चालत का नाही? वर्ग विचारात पडला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने आपलीच हकिकत सांगितली. चालण्याच्या शर्यतीत त्याला पंचांनी बाद केले होते. ‘सर, मी पळालोच नव्हतो, चालतच होतो. त्यांनी कसं ठरवलं?’

त्याचा प्रश्न आमच्या प्रश्नापेक्षा सरस होता. दोन्हींची उत्तरे शोधू या.

उलटा लंबक

चालताना टेकलेला पाय जवळजवळ सरळ असतो. त्याचे पाऊल जमिनीवर स्थिर असते आणि शरीर त्या पावलाभोवती कमानीसारख्या मार्गाने पुढे जाते. घड्याळाचा लंबक वर टांगलेला असतो व खाली झुलतो. इथे टेकू खाली आहे आणि वजन वर. म्हणून याला उलटा लंबक म्हणतात. या कमानीची त्रिज्या म्हणजे ढोबळमानाने पायाची लांबी.

वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते, हे आपण शिकवतोच. त्याचे मूल्य वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. इथे केंद्र म्हणजे पाऊल. शरीराला पावलाकडे ओढणारे बल एकच आहे, आपले वजन. वेग इतका वाढला की वजन पुरेनासे झाले, तर शरीर कमान सोडून वर निसटते आणि पाय जमिनीवरून सुटतो. दुसऱ्या शब्दांत, आपण धावू लागतो.

वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण × पायाची लांबी) या गुणोत्तराला फ्रूड अंक म्हणतात. विल्यम फ्रूड हे १९व्या शतकातील इंग्रज अभियंते. त्यांनी हा विचार जहाजांच्या प्रतिकृतींसाठी केला. पुढे प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी तो प्राण्यांच्या चालीला लावला. हा अंक १ झाला की सरळ पायाने चालणे अशक्य. प्रत्यक्षात तो ०.५ च्या आसपास पोचला की आपण आपोआपच धावू लागतो.

आता फलाटाकडे परत जाऊ. वेग ताशी ६ कि.मी., म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर धरू. आईच्या पायाची लांबी ०.८५ मीटर घेतली तर फ्रूड अंक ०.३३ येतो. मुलाच्या पायाची लांबी ०.५ मीटर घेतली तर तो ०.५७ येतो. आई रेषेच्या अलीकडे आहे आणि मूल पलीकडे. पावले कितीही लहान केली तरी वेग आणि पायाची लांबी तीच राहते, म्हणून मुलाची सुटका नाही. चंद्रावर गुरुत्वत्वरण सहाव्या हिश्श्याइतकेच असल्याने ही रेषा आणखी अलीकडे येते. तिथे अंतराळवीर उड्या मारत पुढे सरकत, त्याचे एक कारण हेही आहे.

रेषेपलीकडचे चालणे

आता खरी गंमत. ०.९ मीटर लांबीच्या पायासाठी फ्रूड अंक १ होतो तो सेकंदाला २.९७ मीटर वेगाला, म्हणजे ताशी १०.७ कि.मी. वेगाला. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये जपानचे तोशिकाझू यामानिशी यांनी कोबे येथे २० कि.मी. अंतर १ तास १६ मिनिटे १० सेकंदांत चालून पार केले. हा वेग सेकंदाला ४.३८ मीटर, ताशी जवळजवळ १५.८ कि.मी. झाला. फ्रूड अंक दोनच्याही वर!

अशा चालणाऱ्यांच्या जागतिक सांघिक स्पर्धा १९६१ पासून होत आहेत. पहिली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. २०२२ साली मस्कत येथे २० कि.मी. चालण्यात भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवले. २००३ पासून वर्षभर वेगवेगळ्या देशांत होणाऱ्या शर्यतींची मालिकाही सुरू झाली. पोर्तुगालमधील रिओ मायोर आणि स्पेनमधील ला कोरुन्या ही तिची नावाजलेली ठिकाणे.

मग हे खेळाडू भौतिकशास्त्राचा नियम मोडतात का? नाही. ते दोन गोष्टी करतात. पहिली कंबरेची. पुढे येणाऱ्या पायाच्या बाजूची कंबर ते खाली सोडतात आणि पुढे वळवतात. पाहणाऱ्याला हसू येते, पण त्यामुळे शरीराची कमान सपाट होते, म्हणजे तिची त्रिज्या वाढते व बल कमी लागते. शिवाय पाऊलही लांब पडते.

दुसरी गोष्ट अशी, की ते खरोखरच हवेत असतात! प्रत्येक पावलात क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. सेकंदाला शेकडो चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी हे दाखवून दिले आहे. हा काळ सेकंदाच्या काही शतांश भागांइतका असतो.

दोन मिलिमीटरचा प्रश्न

हा काळ ०.०४ सेकंद धरू. निम्मा काळ वर जाण्यात आणि निम्मा खाली येण्यात जातो. म्हणजे उंची = अर्धे × ९.८ × (०.०२)² मीटर. उत्तर येते सुमारे २ मिलिमीटर. धावणाऱ्याचा हवेतला काळ याच्या तिप्पट, ०.१२ सेकंद धरला तर उंची नऊपट, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. ती डोळ्याला दिसते. दोन मिलिमीटर दिसत नाहीत.

आणि नियम नेमका यावरच बेतला आहे. जमिनीशी संपर्क सुटलेला मानवी डोळ्याला दिसता कामा नये, असे तो सांगतो. पाय सुटूच नये असे तो म्हणत नाही! दुसरी अट गुडघ्याची: पुढचे पाऊल टेकल्यापासून तो पाय शरीराखाली उभा येईपर्यंत गुडघा सरळ हवा. वाटेवर उभे असलेले पंच आधी पिवळी पाटी दाखवून सावध करतात. नागमोडी रेघेची पाटी सुटलेल्या पायासाठी, कोनाच्या खुणेची वाकलेल्या गुडघ्यासाठी. एका पंचाला एका खेळाडूविरुद्ध एकच लाल कार्ड देता येते. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डे झाली की खेळाडू बाद होतो. दंडकक्षाची सोय असलेल्या स्पर्धांत तिसऱ्या कार्डाला ठरावीक काळ थांबावे लागते व चौथ्याला बाद व्हावे लागते.

या डोळ्यावर किती अवलंबून असते ते २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दिसले. २० कि.मी. मध्ये मेक्सिकोचे बेर्नार्दो सेगुरा सर्वांत आधी पोचले, आणि त्यानंतर त्यांना बाद झाल्याचे कळले. सुवर्णपदक पोलंडच्या रॉबर्ट कोर्झेन्योव्स्की यांना मिळाले. महिलांच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या जेन सॅव्हिल स्टेडियमच्या दाराशी बाद झाल्या. चार वर्षांनी अथेन्सला त्यांनी कांस्यपदक मिळवले.

वर्गात काय करता येईल?

मैदानावर २० मीटर अंतर आखा. एका विद्यार्थ्याला हळूहळू वेग वाढवत चालायला सांगा. ज्या वेगाला तो आपोआप धावू लागेल, तो वेग घड्याळ लावून काढा. नितंबाच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत पायाची लांबी मोजा आणि फ्रूड अंक काढा. पहिलीतले मूल आणि दहावीतला मुलगा यांचे वेग वेगळे येतील, पण फ्रूड अंक जवळजवळ सारखे येतात का, ते पाहा.

दुसरा प्रयोग पंचगिरीचा. एकजण शर्यतीसारखे चालेल, पाच विद्यार्थी पंच होतील आणि आपला निर्णय गुपचूप लिहितील. त्याच वेळी मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या संथगतीने चित्रण करा. ०.०४ सेकंदाचा काळ म्हणजे साधारण १० चित्रे. मग पाचांचे निर्णय आणि चित्रण ताडून पाहा. कोणतीही व्याख्या मोजण्याच्या साधनाशी बांधलेली असते, हे मुलांना पुन्हा सांगावे लागणार नाही. या खेळाने आपले साधन म्हणून डोळा निवडला आहे, इतकेच.

त्या मुलाला आम्ही विचारले, ‘पाय सुटला म्हणून बाद केले, की गुडघा वाकला म्हणून?’ ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याचा पाय सुटला होता की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांवर शालेय स्पर्धांत पंचाचे काम येते. शर्यतीआधी दोन्ही अटी मुलांना करून दाखवाव्यात, आणि बाद करताना कारण सांगावे. कारण कळले तर मूल पुढच्या वर्षी चाल सुधारून येते. नाहीतर आपल्यावर अन्याय झाला, एवढेच त्याच्या लक्षात राहते.