जुनी होडी घ्यायची, तर माठासारखी वाजवून

मित्रांनो, तुमची पहिली सायकल कोरी करकरीत होती, की दादाची उंची वाढली म्हणून तुमच्याकडे आली? आणि बाहेरून जुनी सायकल घ्यायची असली तर बाबा काय करतात ते आठवा पाहू. ते रंगाकडे फारसं बघत नाहीत. चाक उचलून फिरवतात, ब्रेक दाबतात, साखळी ओढून बघतात. विकणारा म्हणत असतो, "अहो, एकदम चालू कंडिशन आहे!" बाबा नुसतं 'हूं हूं' करतात आणि सांध्यांना गंज आहे का ते वाकून बघत राहतात.

आता अशी कल्पना करा, की आपल्याला सायकल नव्हे, एक जुनी शिडाची होडी घ्यायची आहे. तीही खडकवासल्याच्या पाण्यात चक्कर मारायला नाही, तर सगळ्या पृथ्वीला वळसा घालायला! सायकलची साखळी कर्वे पुतळ्यापाशी तुटली तर सायकल हातात धरून घरी येता येतं. भर समुद्रात होडीची डोलकाठी मोडली आणि जवळचा किनारा दोन हजार मैलांवर असला, तर?

"बाई, आपल्या कोथरूडला कुठे आलाय समुद्र?" असं कुणीतरी म्हणणारच. पण समुद्रावर पुणेकरांचं काहीच नातं नाही असं समजू नका. आपल्या लष्कराचं एक अभियंता दल आहे, कोअर ऑफ इंजिनिअर्स. त्याचं शिक्षण देणारं कॉलेज, ज्याला सगळे 'सीएमई' म्हणतात, ते आपल्या दापोडीला आहे. भारतीय होडीतून पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती याच दलाच्या अधिकाऱ्यांनी. होडीचं नाव 'तृष्णा'. २८ सप्टेंबर १९८५ ला ती मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ ला मुंबईत परत आली. आणि गंमत म्हणजे ही होडी नवी नव्हती! फिनलंडमध्ये बांधलेली, आधी दुसऱ्या नावाने समुद्र पाहिलेली ती वापरलेली होडी होती, इंग्लंडमध्ये विकत घेतलेली. लांबी किती? ३७ फूट. म्हणजे आपल्या पीएमपीच्या मोठ्या बसपेक्षाही थोडी आखूडच. (होडीचं नाव बदलणं अशुभ, असं जुने दर्यावर्दी मानतात बरं का. तृष्णाचं त्यावाचून काही अडलं नाही!)

दुसरी गोष्ट अभिलाष टॉमी यांची. हे तेव्हा आपल्या नौदलातले अधिकारी होते. २०१८ साली ते 'गोल्डन ग्लोब' नावाच्या शर्यतीत उतरले. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीला एक फेरी मारायची. उपग्रहावरून रस्ता दाखवणारी यंत्रं वापरायची नाहीत. सूर्य-तारे मोजून वाट शोधायची. त्यांची होडी 'थुरिया' ही गोव्यात नवी बांधलेली होती. २१ सप्टेंबर २०१८ ला हिंदी महासागराच्या दक्षिणेला भयंकर वादळात ती उलटली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीचे मणके दुखावले. हलताही येईना. तीन दिवसांनी 'ओसिरिस' नावाच्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढे पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसवाव्या लागल्या.

आणि चार वर्षांनी हाच माणूस पुन्हा त्याच शर्यतीत! या वेळी त्यांनी वापरलेली होडी घेतली. तिची जात 'रसलर ३६'. २०१८ ची शर्यत याच जातीच्या होडीने जिंकली होती, म्हणजे कसोटी आधीच झालेली. 'बायानत' हे नाव प्रायोजक कंपनीवरून ठेवलं. २९ एप्रिल २०२३ ला, २३६ दिवसांनी, ते दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिचीही होडी जुनीच होती. कॅनडातल्या एका बेटावर मुक्काम ठोकून तिने ती आधी मनासारखी दुरुस्त करून घेतली होती.

म्हणून नवी होडी वाईट आणि जुनी चांगली, असं समजायचं का? छे! थुरियावर आलं तसं वादळ कुठल्याही होडीची परीक्षा बघेल. पण जुन्या होडीचा एक फायदा असतो. तिच्यातले दोष आतापर्यंत वर आलेले असतात. ते बघायला मात्र शिकलं पाहिजे, कारण ते बहुतेक पाण्याखाली असतात.

म्हणून जाणता गिऱ्हाईक पहिली अट घालतो, की होडी पाण्याबाहेर काढा. क्रेनने उचलून ती जमिनीवर ठेवतात. हल्लीच्या पुष्कळ होड्या फायबरग्लासच्या असतात, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर, राळेसारख्या रसायनाने एकमेकांना चिकटवलेले. मग एक लहानसा प्लॅस्टिकचा हातोडा घेऊन सगळ्या अंगावर टकटक करत जायचं. तुमची आई कुंभारवाड्यात माठ घेताना बोटाने वाजवून बघते ना? अगदी तस्संच! खणखणीत आवाज आला तर थर घट्ट आहेत. मध्येच 'थप्प' असा बसका आवाज आला, तर तिथे थर सुटलेत, आत पाणी शिरलंय. कधी कधी बुडाला फोड आलेले दिसतात. वर्षानुवर्षं पाण्यात राहून पाणी हळूहळू आत झिरपतं, तिथल्या रसायनांशी त्याची क्रिया होते आणि फोड येतो. तो फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. थोडे फोड असले तर दुरुस्त होतात. सगळं बूड फोडांनी भरलेलं असेल तर नमस्कार करून पुढे निघावं.

त्याखाली असते कील. गोल बुडाची बाहुली पाहिली आहे ना, कितीही पाडली तरी उभी राहणारी? तिच्या बुडात वजन असतं. होडीची कील म्हणजे तेच वजन, शिशाचं नाहीतर लोखंडाचं, हजारो किलोंचं. पुष्कळ होड्यांत ती मोठमोठ्या बोल्टांनी पोटाला जोडलेली असते. होडी कधी खडकावर आपटली असेल, तर त्या जोडावर बारीक भेग राहते आणि वरून रंग मारला की दिसत नाही. २०१४ च्या मे महिन्यात 'चिकी रफिकी' नावाच्या होडीची कील अटलांटिक महासागरात निखळली. होडी उलटली आणि चौघंही गेले. म्हणून कीलजवळ ताजा रंग दिसला, की विचारावं, "इथेच का हो रंगवलंत?" गोल्डन ग्लोबच्या नियमांतसुद्धा कीलवर भर आहे. आराखडा १९८८ पूर्वीचा, लांबी ३२ ते ३६ फूट, कील लांबच लांब आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला जोडलेलं. तरंगता ओंडका आला तर तो आधी कीलला लागतो, सुकाणू वाचतं.

मग वर बघायचं. डोलकाठीला चहूबाजूंनी पोलादी तारा ताणून धरतात. या तारेवरून कापसाचा बोळा फिरवायचा. एखादा बारीक धागा तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो! किती साधी युक्ती, नाही? तारा दहाएक वर्षांनी बदलून टाकाव्यात, असा लांब पल्ल्याच्या लोकांचा रिवाज आहे. तारा जिथे होडीला अडकवतात त्या पट्ट्यांखाली तांबूस ओघळ आहेत का, तेही बघायचं. इंजिन, शिडं, स्टोव्ह हे सगळं नंतर. ते बदलता येतं.

पालकहो, आपण जुना फ्लॅट घेताना कागद आपल्याच वकिलाला दाखवतो. होडीचंही तसंच असतं. तपासणाऱ्याला 'सर्व्हेयर' म्हणतात. त्याची फी घेणाऱ्याने द्यायची, म्हणजे तो विकणाऱ्याची भीड धरत नाही. शिवाय किमतीइतकाच दुरुस्तीचा खर्चही आधी मांडावा. स्वस्त होडी घेतली आणि नव्या तारांना पैसे उरले नाहीत, असं होऊन कसं चालेल?

एवढं सगळं पाहिलं तरी समुद्र शेवटचं पान दाखवत नाही, हेही सांगते. फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची 'अ‍ॅस्टेरिया' ही १९६५ ची होडी. २०१८-१९ मध्ये तिने पृथ्वीची फेरी पूर्ण केली होती. पुढच्या शर्यतीत, १८ नोव्हेंबर २०२२ ला, ती अवघ्या पाचेक मिनिटांत बुडाली. का, ते कुणालाच कळलं नाही. लेहतिनेन रबरी तराफ्यात बसून राहिले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी उचललं असेल? शर्यत बाजूला ठेवून वळलेल्या कर्स्टनने! पुढे तिने त्यांना एका मालवाहू जहाजावर सोपवलं. त्या जहाजाचं नावही छान आहे, 'दर्या गायत्री'.

आणि बायानत? वाटेत तिची वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारी पाती मोडली. टॉमींनी काय केलं असेल, ओळखा. त्यांनी संडासाचं दार काढलं, कापलं आणि त्याची पाती बनवली. जुन्या होडीत चांगल्या लाकडाचं दार होतं, ते असं उपयोगी पडलं!

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेलात, तर गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या शिडाच्या होड्या जरूर बघा. पावसाळ्यात त्या पाण्याबाहेर काढून ठेवतात, म्हणून दिवाळीनंतर जावं हे बरं. लांबूनही तीन गोष्टी दिसतात. डोलकाठी सरळ आहे का, पाण्याच्या रेषेवर हिरवं शेवाळ किती चढलंय, आणि पट्ट्यांखाली तांबूस ओघळ आहेत का. मग आपापसात ठरवा, यातली कुठली होडी तुम्ही घेतली असती, आणि सांगा, का.