काळोखात चमकणारा जंतू

दसरा आला, की आपल्या बीड जिल्ह्यात मुकादमांची ये-जा सुरू होते. कोयता, भांडीकुंडी आणि लेकरंबाळं घेऊन माणसं ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. अशाच एका घरातला विद्यार्थी मागे वर्गात उठून म्हणाला, "सर, वडिलांचा बेडका तपासायला दिलाय. तिथं म्हणाले, रंग देऊन बघू. जंतूला रंग कशाला द्यायचा?" प्रश्न मोलाचा होता. त्याचं उत्तर आज आपणा सर्वांपुढे मांडतो.

क्षयाचा जंतू म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाएवढी एक काडी. तीही जवळजवळ रंगहीन. पाण्यात पडलेली काच जशी नजरेला सापडत नाही, तसा हा जंतू नुसत्या सूक्ष्मदर्शकाला सापडत नाही. म्हणून रंग द्यायचा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तोही रंगाच्याच मदतीने. पुढे झील आणि नील्सन यांच्या नावाची पद्धत रूढ झाली. तीत निळ्या पार्श्वभूमीवर जंतू लाल दिसतो. पण निळ्यातली बारीक लाल काडी शोधायची, म्हणजे डोळ्यांची परीक्षाच!

यावर तोड निघाली ती चमकणाऱ्या रंगाची. काही पदार्थांवर निळा किंवा जांभळा प्रकाश पडला, की ते त्यातली ऊर्जा घेतात, थोडी आपल्यातच जिरवतात आणि उरलेली परत देतात. ऊर्जा कमी झाल्यामुळे परत येणारा प्रकाश वेगळ्या रंगाचा असतो. निळा शिरला, तर हिरवा-पिवळा बाहेर पडतो. यालाच अनुस्फुरण म्हणतात. कोयनेलच्या द्रावणातली अशी निळसर चमक तपासून स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली तिचं मर्म उलगडलं. काजव्याचा प्रकार मात्र निराळा. तो स्वतःचा उजेड स्वतः तयार करतो. हा रंग उसन्या उजेडावर चमकतो. दिवा मालवला, की चमक गेली.

शिक्षक मित्रांना हे वर्गात दाखवता येईल. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या. मग खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरा. द्रावण हिरवट-पिवळं उजळेल. त्याच दिव्याखाली नोटेवरचे आकडेही चमकतील. फक्त स्पिरिटजवळ विस्तव नको, आणि दिव्याकडे थेट पाहायचं नाही.

आता प्रयोगशाळेत जाऊ. बेडक्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरून, वाळवून, उष्णतेने पक्का करतात. त्यावर ऑरामाइन नावाचा पिवळा रंग ओततात. क्षयाच्या जंतूला मेणासारखं कवच असतं. रंग त्यात घट्ट बसतो. मग आम्लमिश्रित अल्कोहोलने पट्टी धुतात. इतर पेशींचा रंग निघून जातो, क्षयाचा जंतू मात्र तो सोडत नाही. शेवटी पोटॅशिअम परमँगनेट टाकतात, आपण विहिरीत टाकतो तेच जांभळं औषध! त्याने पार्श्वभूमी काळवंडते. निळ्या प्रकाशात पाहिलं, की काळोखात पिवळ्या काड्या उजळून दिसतात. चांदण्या दिवसाही आकाशात असतातच, पण दिसतात रात्री, तसंच हे.

उठून दिसत असल्यामुळे जंतू कमी वर्धनातही सापडतो. एका नजरेत पट्टीचा मोठा भाग येतो, आणि वेळ वाचतो. जुन्या पद्धतीपेक्षा ही सरासरी सुमारे १० टक्के अधिक संवेदनक्षम ठरली आहे. पूर्वी यासाठी पाऱ्याच्या वाफेचा महागडा दिवा लागे. एलईडी दिवे आले, खर्च उतरला, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली.

पण रंगालाही मर्यादा आहेत. मेलेला जंतूही जिवंत जंतूसारखाच चमकतो. शिवाय एका मिलिलिटर बेडक्यात काही हजार जंतू असल्याशिवाय ते पट्टीवर सहसा सापडत नाहीत. म्हणून पट्टीवर काही दिसलं नाही, म्हणजे क्षय नाहीच, असं समजू नका. आता जंतूचा जनुकीय अंश ओळखणारी, अधिक संवेदनक्षम तपासणीही सरकारी यंत्रणेत होते. खोकला थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे तिच्याविषयी जरूर विचारा.

आणखी एक गोष्ट. रंग कितीही चांगला असला, तरी तो थुंकीत जंतू आणून ठेवणार नाही. नमुना छातीतून खोकून काढलेल्या बेडक्याचा हवा, तोंडातल्या लाळेचा नको. सकाळी उठल्याबरोबरचा उत्तम.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, असं काही असेल तर गाडीत बसण्याआधी सरकारी दवाखाना गाठा. तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. साधा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो, आणि कारखान्यावर जावं लागलं तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू ठेवता येतात. निघण्यापूर्वी तेवढं सांगून ठेवा. कोपीत सारं घर एका छपराखाली झोपतं. तिथे एकाचा खोकला एकाचाच राहत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एवढंच सांगितलं, "बाळ, जंतू लपलेला असतो तोवर त्याचं फावतं. त्याला उजेडात आणायचं, म्हणून रंग द्यायचा."