पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा

कोंबडीखाद्याच्या पोत्यावर पहिली नजर जाते ती ‘क्रूड प्रोटीन’च्या आकड्यावर. २२ टक्के म्हणजे भारी माल. १९ टक्के म्हणजे हलका, पिल्लं खुरटणार, असा हिशेब शेडवर सर्रास चालतो. पण हा आकडा येतो कुठून ते पाहिलं की त्याचा दरारा बराच उतरतो. प्रयोगशाळेत बहुधा प्रथिनं मोजलीच जात नाहीत. मोजलं जातं ते नत्र. डेन्मार्कच्या योहान केल्डालने १८८३ साली नत्र मोजायची रीत बसवली आणि आजही निघालेल्या नत्राला ६.२५ ने गुणून उत्तराला प्रथिनं म्हणतात. या न्यायाने शेतात टाकायच्या ४६ टक्के नत्राच्या युरियात २८७ टक्के प्रथिनं भरतात! आकडा खोटा नाही, पण पिल्लाच्या वाढीबद्दल तो फार थोडं सांगतो.

वाढ ठरते ती त्या प्रथिनांत कोणती अमिनो आम्लं किती आहेत यावर. अमेरिकेत थॉमस ऑसबॉर्न आणि लाफायेत मेंडेल यांनी १९१४ साली वाढीच्या वयातल्या उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं झीन दिलं. उंदरांचं वजन घटत गेलं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळलं तेव्हा घट थांबली. ट्रिप्टोफॅनबरोबर लायसिन हे दुसरं अमिनो आम्लही दिलं तेव्हा कुठे उंदीर वाढू लागले. गव्हातल्या ग्लायडिनवर ठेवलेले उंदीर तगले, पण लहानच राहिले, आणि लायसिन मिळताच त्यांची अडलेली वाढ पुन्हा सुरू झाली. तगणं आणि वाढणं या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे त्यातून दिसलं. वाढत्या पिल्लाच्या अंगावर चढतं ते मुख्यतः मांस, आणि मांसात लायसिन भरपूर असतं. म्हणून मोठ्या जनावराचं ज्यावर भागतं त्यावर पिल्लू अडतं. जुन्या छापखान्यात खिळे जुळवताना ‘क’ संपला की बाकीचे खण कितीही भरलेले असोत, ओळ पुढे सरकत नसे. पेशीत प्रथिन जुळवताना हेच होतं.

“मग सोयापेंड वाढवा, प्रश्न मिटला,” असं यावर कुणी म्हणेल. मिटतो खरा, पण फार महागात. १०० किलो सोयापेंडीतून जेवढं लायसिन मिळतं, जवळपास तेवढंच ९७ किलो मका आणि ३ किलो लायसिन हायड्रोक्लोराइड (कारखान्यात बनलेलं सुटं लायसिन) मिळून देतात. मात्र ही बरोबरी फक्त लायसिनची आहे. पेंड काढली की तिच्यातलं थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिनही जातं, हे विसरून नुसतं लायसिन ओतणाऱ्याचा हिशेब फसतो. शिवाय मका-सोयाच्या खाद्यात कोंबडीच्या पिल्लाला सर्वांत आधी तुटवडा भासतो तो मेथिओनिनचा, डुकराच्या पिल्लाला लायसिनचा. २०२१ साली सोयापेंड इतकी कडाडली की केंद्राला १२ लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. अशा वेळी हा हिशेब येणं न येणं यावर तुकडीचा नफातोटा ठरू शकतो.

“जास्त दिलं तर बिघडतं कुठे?” हा आक्षेप मला सर्वांत चिवट वाटतो. छापखान्यात उरलेले खिळे निदान खणात पडून राहत. शरीरात अमिनो आम्लं साठवायची तेवढीही सोय नाही. उरलेल्यांचं नत्र सुटं करून बाहेर टाकावं लागतं. कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो युरिक आम्लाचा, म्हणजे बऱ्याच अंशी अंगी न लागलेल्या महागड्या पेंडीचा. तुसाच्या गादीत त्याचा अमोनिया होतो. पहाटे पडदे उघडताना डोळे चुरचुरतात ते त्यानेच. प्रथिनं एका टक्क्याने उतरवून अमिनो आम्लांचा तोल राखला, तर बाहेर पडणारं नत्र साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतं. आणि तोल न पाहता मिसळलेलं आम्ल नुसतं वाया जात नाही, ते नडतंही. लायसिन फार झालं की पिल्लाची आर्जिनिनची गरज वाढते, आणि पक्ष्यांना आर्जिनिन स्वतः बनवता येत नाही. मेथिओनिनचा अतिरेक तर वाढच खुंटवतो.

खाद्यात मिसळायची ही सुटी अमिनो आम्लं ‘केमिकलं’ किंवा हार्मोनं आहेत, हा समज लवकर निकालात काढता येतो. लायसिन बनतं ते साखर किंवा मळी जिवाणूंकडून आंबवून. पेंडीतल्या लायसिनहून त्याचा रेणू वेगळा नसतो. मेथिओनिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतं हे खरं, पण शरीर तेही प्रथिनातच गुंफतं. हार्मोनसारखा हुकूम ते सोडत नाही.

मग प्रथिनं हवी तेवढी उतरवावीत का? नाही. ब्रॉयलर पिल्लांच्या खाद्यात दोनेक टक्के निभावून जातात. फार खाली गेलं की सगळी ‘आवश्यक’ आम्लं पुरवूनही वाढ मागे पडते. एक कारण ग्लायसिन. ते पिल्लू स्वतः बनवतं, पण वाढीच्या वेगाला पुरेल इतकं नाही, आणि युरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे एक ग्लायसिन खर्ची पडतं. पोत्यावरच्या आकड्याला थोडा मान उरतो तो इथे.

वासरा-करडांचं गणित निराळं. दूध पिणाऱ्या वासराच्या पोटात दूध रूमेनला, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याला, बगल देऊन थेट चौथ्या कप्प्यात जातं, म्हणून दुधाला पर्याय म्हणून दिलेल्या भुकटीत लायसिन-मेथिओनिन लागू पडतात. तेच वासरू रवंथ करू लागलं की सुटं लायसिन बहुतांशी रूमेनमधले जंतूच फस्त करतात, त्याचा अमोनिया करून टाकतात. तिथे आवरण चढवलेली आम्लं लागतात. आणि ज्या युरियाचे २८७ टक्के कोंबडीच्या पिल्लाला कवडीमोल, त्याच युरियापासून हे जंतू मोठ्या जनावरासाठी खरीखुरी प्रथिनं बनवतात, अर्थात तो मोजून-मापून आणि पिठूळ खाद्याच्या जोडीने दिला तर. जास्त झाला तर जनावर दगावतं.